लाल पाण्याची बादली

"मॅडम, आधी हात."

विट्याच्या मंगल कार्यालयाच्या दारात उंच स्टँडवर सॅनिटायझरची बाटली बसवली होती आणि शेजारी आमच्या पशुवैद्यक संघटनेचे नवे सचिव, डॉ. रणधीर मुळीक, सूट घालून उभे होते. पायानं खालचा दांडा दाबायचा, की वरून फवारा. मी दाबला. फवारा सरळ माझ्या चष्म्यावर आला.

"वेलकम बॅक, मॅडम! अडीच वर्षांनी समोरासमोर! कसं वाटतंय?"

"काही दिसत नाहीये," मी चष्मा पदराला पुसत म्हटलं. "बादली कुठंय?"

"कसली बादली?"

"लाल पाण्याची. दुपारच्या तासाची."

"अच्छा, ती!" मुळीक हसले. "मॅडम, आता कोविडनंतर एकाच बादलीत सगळ्यांनी हात घालायचे म्हणजे बरं दिसत नाही हो. ते कार्यकारिणीनं बंद केलं. पण तुमच्यासाठी सरप्राइज आहे. पुढच्या रांगेत बसा."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. चाळीस किलोमीटर गाडी हाकत मी सरप्राइजसाठी आले नव्हते. बादलीसाठी आले होते.

ही बादली काय भानगड आहे ते सांगायला हवं. आमच्या संघटनेचा मेळावा दरवर्षी व्हायचा. सकाळी भाषणं, मग जेवण, आणि जेवणानंतर एक तास दारं बंद. डॉ. विश्वंभर लाड यांनी तो तास सुरू केला तेव्हा मी कॉलेजातही गेले नव्हते. मधोमध एक लोखंडी बादली ठेवायची, तिच्यात पोटॅशचं लाल पाणी. गोठ्यात हात धुवायला आम्ही वापरतो तेच. ज्याच्या हातून वर्षभरात मोठी चूक झाली असेल त्यानं उठायचं, पाण्यात हात घालायचे आणि चूक सांगायची. कुणी टिपण घ्यायचं नाही, कुणी उपदेश करायचा नाही. तीच चूक ज्याच्या हातून कधी झाली असेल त्यानं मुकाट्यानं उठून आपलेही हात पाण्यात घालायचे. बस. माझ्या पहिल्या वर्षी चुकीच्या इंजेक्शननं माझ्याकडून एक गाभण गाय गेली होती. मी ते कसंबसं सांगितलं, तर बादलीपाशी अकरा जण आले. अकरा! त्या रात्री मी सहा महिन्यांनी नीट झोपले.

मग टाळेबंदी आली. अडीच वर्षं आमच्या सगळ्या सभा मोबाइलच्या पडद्यावर झाल्या. प्रत्येक सभेच्या सुरुवातीला आवाज यायचा, की ही सभा रेकॉर्ड होत आहे. तिथं कोण काय बोलणार? आणि माझ्याकडे सांगण्यासारखं एक होतं. दोन वर्षं ते मी छातीवर घेऊन हिंडत होते. त्यानंतर मी गोठ्यात पाऊल टाकलं नव्हतं. दवाखान्यात बसून कुत्र्यांना लस टोचत होते. पुण्याच्या एका पशुखाद्य कंपनीनं ऑफिसातली नोकरी देऊ केली होती, सोमवारी हो-नाही कळवायचं होतं. मी मनाशी ठरवलं होतं की शनिवारी बादलीत हात घालून सगळं सांगायचं. एकजण जरी उठून आला तरी गोठ्यात परत जायचं. कुणीच आलं नाही तर पुणे.

आणि आता बादलीच नव्हती.

आत नुसता गलका चालला होता. अडीच वर्षांत न भेटलेली माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती, पोटं मोजत होती, मास्क हनुवटीला लटकवून सेल्फी काढत होती. "शेटेबाई, बारीक झालात!" "कुमुदताई, ओळखलं का?" मला कुणाशीच धड बोलता येईना. माणसांत कसं बोलायचं तेच विसरल्यासारखं झालं होतं. समोरचा बोलायला लागला की माझी नजर त्याच्या चेहऱ्याखाली म्यूटचं चिन्ह शोधायची.

पर्समध्ये मोबाइल थरथरला. सोपान खिलारे. मी कट केला.

लाडसर पहिल्या रांगेत कडेला बसले होते. एक्याऐंशी वर्षांचे, आणि आजारातून उठल्यापासून दोन्ही कानांनी गेलेले. मी पाया पडले. त्यांनी माझा हात धरून ठेवला.

"सर, बादली बंद केली यांनी."

"आँ?"

"बादली!"

"जेवायला अजून अवकाश आहे," सर म्हणाले.

मी कपाळाला हात लावला.

साडेदहाचे पाहुणे बारा वाजता आले. तोवर सूत्रसंचालिकेनं चार वेळा 'पुन्हा एकदा जोरदार टाळ्या' मागून घेतल्या. पाहुण्यांनी एक तास भाषण केलं, त्यात जनावर एकदाही आलं नाही. मोबाइल पुन्हा थरथरला. पुन्हा सोपान खिलारे. आणि मग मुळीकांनी माइक हातात घेतला.

"आता आपलं सरप्राइज! टाळेबंदीच्या काळात घरात बसून, फक्त व्हिडिओ कॉलवर म्हशीचं निदान करून, एका शेतकऱ्याचा जीव वाचवणाऱ्या आपल्या भगिनी..."

मागच्या पडद्यावर वर्तमानपत्राचं कात्रण आलं. माझा फोटो होता, आणि शेजारी हात जोडून उभे सोपान खिलारे. मी मान हलवून नको, नको म्हणत होते आणि लोकांना वाटत होतं बाई लाजतायत. दोघींनी मला दंडाला धरून वर नेलं. पाहुण्यांनी खांद्यावर पांढरी शाल टाकली. फोटोवाला म्हणाला, मॅडम, जरा हसा.

मी हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

जेवणात मला घास उतरला नाही. बासुंदीच्या वाट्या घेऊन सगळे फिरत होते, मी मुळीकांच्या मागे फिरत होते.

"बादली राहू द्या, पण तो तास तरी आहे ना?"

"आहे ना, मॅडम! नाव बदललंय फक्त. अनुभवकथन. प्रत्येकी तीन मिनिटं. आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी लाइव्ह दाखवतोय. जिल्ह्याबाहेरचेसुद्धा बघतायत."

"लाइव्ह?"

"दोनशे चाळीस जण जोडलेत!" मुळीक खरोखर खुशीत होते. त्या माणसाला एक थोबाडीत द्यावी असं मला मनापासून वाटलं.

तरी मी उठले. तीन मिनिटं तर तीन मिनिटं, म्हणून माइकपर्यंत गेले. समोर ट्रायपॉडवर मोबाइल लावला होता आणि त्याच्या पडद्यावर मीच दिसत होते, शाल पांघरलेली. खाली कुणीतरी टाळ्यांची चित्रं पाठवत होतं. "सत्काराबद्दल आभारी आहे," एवढंच म्हटलं आणि खाली उतरले. माझ्यानंतर एकानं पीपीई किट घालून बैलाला पळवल्याचा किस्सा सांगितला, हॉल खदखदून हसला, राष्ट्रगीत झालं आणि मेळावा संपला.

मी तशीच संतापानं मागच्या अंगणात आले. भांडी घासायच्या जागेपाशी कार्यालयाची एक पत्र्याची बादली पालथी पडलेली दिसली. मी ती सुलटी केली, नळाखाली भरली, गाडीतली पिशवी आणून पोटॅशची चिमूट टाकली. पाणी जांभळं-लाल झालं. का केलं, कुणासाठी केलं, सांगता येत नाही. साडी खोचून मी तिथंच उकिडवी बसले आणि हात पाण्यात घातले.

"तरीच म्हटलं," मागून आवाज आला. लाडसर काठी टेकत आले होते. मागे त्यांना गाडीपर्यंत पोचवायला मुळीक. सर नळाच्या कट्ट्यावर बसले. "सबंध दुपार मी वाट बघतोय. बादली येईना. बोल पोरी."

मी मुळीकांकडे पाहिलं. हे जाईनात. मग म्हटलं, खड्ड्यात जाऊ दे.

"सर, जुलैमध्ये सोपान खिलारेंचा व्हिडिओ कॉल आला..."

"मोठ्यानं बोल."

"जुलैमध्ये! व्हिडिओ कॉल आला! आमची गल्ली पत्रे मारून बंद केली होती! म्हैस लाळ गाळतेय, खात नाही, पीत नाही! मला वाटलं आंब्याची कोय अडकली!"

"आणखी मोठ्यानं. ऐकू येत नाही."

आणि मग मला ते ओरडून सांगावं लागलं. दोन वर्षं जे मी स्वतःशीही पुटपुटले नव्हते ते मी बेंबीच्या देठापासून ओरडून सांगत होते, आणि अंगणापलीकडे गाड्यांची दारं उघडून उभे असलेले लोक वळून बघायला लागले होते.

"मी म्हटलं, तोंडात हात घालून बघा! सर, कॉलेजात पहिल्या वर्षी शिकवतात! लाळ गाळणारं जनावर दिसलं की आधी रेबीजचा विचार करा, उघडा हात घालू नका! मी स्वतः कधी घातला नसता! आणि त्यांना घालायला लावला!"

"मग?"

"दोन दिवसांनी म्हशीचा आवाज फुटला, डोकं भिंतीवर आपटायला लागली! तेव्हा माझी ट्यूब पेटली! मी विचारलं, हात कुणी घातला? ते म्हणाले, मी! त्यांना त्याच दिवशी इंजेक्शनं सुरू केली! म्हैस मेली, ते वाचले! पेपरात आलं!"

"मग चूक सुधारली की."

"नाही सर!" माझा आवाज चिरकला. "म्हशीचं तोंड कुणी उघडून धरलं होतं ते मी विचारलंच नाही! पडद्यावर मला एकच हात दिसत होता! गोठ्यात उभी असते तर दिसलं असतं! हौसाबाईंनी जीभ ओढून धरली होती! त्यांच्या बायकोनं! हौसाबाईंच्या बोटाला विळा लागलेला होता! अडीच महिन्यांनी त्या गेल्या! पाण्याचा पेला बघून ओरडत होत्या! सगळ्यांना वाटलं कोरोना! त्यांच्या सुनेनं मला फोनवर सांगितलं तेव्हा मला कळलं, आणि मी फोन ठेवून दिला! कुणाला बोलले नाही! सर, आज त्याच म्हशीसाठी मला शाल दिली यांनी!"

नळ थेंब थेंब गळत होता.

मी बादलीकडे बघत बसले. अकरा नकोत, एक. कुणी येईना. आणि येणार तरी कोण, मला वाटलं, अशी चूक दुसऱ्या कुणाच्या हातून होईल कशी?

मग बुटांचा आवाज आला. मुळीकांनी घड्याळ काढून खिशात टाकलं, कोटाच्या बाह्या वर सारल्या आणि माझ्यासमोर उकिडवे बसून दोन्ही हात पाण्यात घातले.

"व्हिडिओवर?" मी विचारलं.

"व्हिडिओवरच. गाय होती. घरातल्या चौघांनी हात लावला होता." ते माझ्याकडे बघत नव्हते. "ती पिसाळलेली निघाली नाही, एवढंच माझं नशीब. वर्षभर मी त्या घरचा फोन आला की आधी देवाचं नाव घ्यायचो."

दिवसभर ज्याला मी मनातल्या मनात शिव्या घातल्या, तो हा माणूस. म्हणून त्याला बादली नको होती. गाड्यांकडून आणखी दोघं आले, एकानं रुमाल काढून डोळे पुसले. पाण्यात आठ हात झाले.

मी सरांकडे पाहिलं. त्यांनी काहीतरी म्हणावं, असं मला फार वाटत होतं.

"खिलारेला सांगितलंस?" सरांनी विचारलं.

"नाही."

"मग आम्हाला काय सांगत बसलीस?" सर काठी टेकत उठले. "बादली घेऊन जा. धुऊन परत देते म्हणावं यांना."

मला इतका राग आला! दिवसभर वणवण करून हेच ऐकायचं होतं का? उपदेश करायचा नाही हा नियम खुद्द त्यांचाच होता. मी बादलीतलं पाणी गटारात ओतलं, बादली डिकीत आदळली आणि निघाले. पर्समध्ये सोपान खिलारेंचे पाच मिस्ड कॉल होते.

गेली दोन वर्षं ते महिन्या-दोन महिन्यांनी फोन करायचे. "डाक्टरीणबाई, नव्या म्हशीला बघाय येऊन जावा येकदा." मी दरवेळी दुसऱ्या कुणाचा तरी नंबर द्यायची. ते नंबर लिहून घ्यायचे, आणि पुन्हा मलाच फोन करायचे. खिलारवस्तीचा फाटा माझ्या परतीच्या वाटेवरच होता. त्या दिवशी गाडी वळली.

ऊन कलायला आलं होतं. सोपानतात्या गोठ्यातच होते. मला बघून त्यांनी हातातली वैरण खाली टाकली आणि नुसते बघत राहिले. फार वाळले होते.

"आलासा?"

"आले. काय झालंय म्हशीला?"

"पाय सुजलाय."

मी चपला काढून आत गेले. नवी म्हैस रवंथ करत निवांत उभी होती. दोन वर्षांनी शेणाचा वास नाकात गेला आणि मला एकदम भरून आलं. मी चारही पाय दाबून पाहिले, खूर उचलून पाहिले.

"कुठला पाय तात्या?"

ते दुसरीकडे बघायला लागले.

आता नाही बोलले तर कधीच बोलणार नाही, हे मला कळत होतं. "तात्या, हौसाबाई कोरोनानं गेल्या नाहीत," मी म्हटलं. "त्यांनी त्या म्हशीची जीभ धरली होती. मी विचारायला पाहिजे होतं, आणखी कुणी हात लावला का. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना इंजेक्शन मिळालं असतं. माझ्यामुळं गेल्या त्या."

तात्या गव्हाणीच्या कडेवर बसले. बराच वेळ त्यांनी पागोट्यानं तोंड पुसलं. मी त्यांच्या शिव्या ऐकायच्या तयारीनं उभी होते.

"तुमी न्हाई इचारलं," ते म्हणाले. "पर दवाखान्यात नर्सबाईनं इचारलं हुतं."

"काय?"

"आनखी कुनी हात लावला का म्हून. मी म्हनलं, कुनी न्हाई. मी येकलाच हुतो."

"का तात्या?"

"कोरोनात नाव सांगितलं की गाडी याची न्हवं का? शाळंत न्हिऊन चौदा दिस कोंडायचे. शेजारचं म्हातारं तिथनं परत आलंच न्हाई. मला वाटलं, हेबी तसलंच. मी दवाखान्यात निघताना हौसा म्हनली, माजं नाव घिऊ नगा हां, मला न्हाई त्या शाळंत जायाचं." त्यांनी खाली बघितलं. "मी न्हाई घेतलं."

म्हशीनं मान हलवली, गळ्यातली साखळी वाजली.

"मग मला का बोलवत होता सारखे?"

"कुनाला तरी सांगाय पायजे का नगो? सुनंला सांगू, का पोराला? तुमाला म्हाईत हुतं काय झालं त्ये. पर तुमी फोनवरच मिटवायचा. फोनवर सांगायची गोष्ट हाय व्हय ही?"

मी बाहेर गेले. डिकीतून बादली काढली, हौदातलं पाणी भरलं, पोटॅश टाकलं आणि आणून तात्यांच्या पुढ्यात ठेवली.

"ह्ये आनि कशाला?"

"हात घाला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं. मग कोपरापर्यंत बाह्या सारून दोन्ही हात बुडवले. मी समोर बसून माझे घातले. लाल पाणी हळूहळू तपकिरी होत गेलं, तोवर बसलो. नखं रंगली होती. तो डाग चार-पाच दिवस जात नाही.

"पायाला काय लावू मग म्हशीच्या?" तात्यांनी विचारलं.

"काही नको. सोमवारी येते मी परत बघायला."

हात पुसायला जवळ काही नव्हतं. गाडीत सत्काराची शाल तेवढी होती. मी तिची घडी मोडली, एक टोक त्यांच्या हातात दिलं आणि एक मी घेतलं.